क्लेमचा पास, नेव्हिलची झेंडी

ऑल्डरशॉ,
३ फेब्रुवारी २०२४

चि. नेव्हिल यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. आत नुसती सही होती, त्यावरून तुझा हात शाबूत आहे आणि स्वभावही, एवढं कळलं. माझे गुडघे हल्ली मला विचारल्याशिवाय थांबतात. बाकी ठीक.

आता जे लिहिते ते बसून वाच. रग्बी क्लबचा जुना जिना काढला, त्याखाली टॉफीचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात सिनेमाचं रीळ. आपल्या खाणीतल्या हौशी सिनेमंडळानं १९७८ चा अंतिम सामना समोरच्या बाजूनं टिपला होता, आणि ते रीळ कुणी कधी धुऊनही पाहिलं नव्हतं. सेक्रेटरीनं येऊन हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातली बशी खाली पडली. आईच्या सेटमधली शेवटची होती.

पुढचं त्याहून वाईट. माझी नात फ्रेया विद्यापीठात याच कामावर आहे: सामन्याची चित्रं यंत्राला दाखवायची आणि पास पुढे गेला की नाही ते त्यानं सांगायचं. अजून खऱ्या सामन्यात कुणी ते वापरत नाही, चाचण्या चालू आहेत. टीव्हीवाल्यांचं चित्रण एका बाजूचं होतंच, आता दुसऱ्या बाजूचंही मिळालं. समितीला आनंदाचं भरतं आलं आहे. ६ एप्रिलला वार्षिक जेवण आहे, तेव्हा माझ्या क्लेमचा तो शेवटचा पास मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि यंत्राचा निकाल सगळ्या गावासमोर वाचायचा, असा बेत आहे. क्लेमचंच नाव दिलेल्या स्टँडखाली.

फ्रेया म्हणाली की नेव्हिलआजोबा नको म्हणाले तर ती हात लावणार नाही. झेंडी तुझी होती, तेव्हा शब्दही तुझाच. तू नाही म्हणालास तर मला बरं वाटेल. का, ते विचारू नकोस.

लोभ पूर्वी होता तेवढा तरी असू दे.

तुझी,
बेरिलताई

*

क्रोमर,
९ फेब्रुवारी

ती. बेरिलताईस,
नेव्हिलचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा. मग समुद्रावर जाऊन आलो, कारण घरात बसवेना.

दाखवू देत. मी हो म्हणतो.

ताई, मी त्या दिवशी तिथे असायलाही नको होतो. नेमलेला रेषेवरचा पंच धुक्यात अडकला, पंचांच्या यादीतला जवळचा माणूस मी. मी क्लेमचा मेहुणा आहे, हे मीच आधी सांगितलं. तेव्हा समोरच्या संघाचा कप्तान म्हणाला होता की नेव्हिल असेल तर आमची हरकत नाही. त्या एका वाक्याचा मला इतका अभिमान वाटला होता की आता लाज वाटते. शेवटचं मिनिट, आपण एका गुणानं मागे, क्लेम सुसाट सुटला, डेनिसला पास दिला, डेनिसनं रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि सगळं गाव मैदानात उतरलं. आणि माझी झेंडी वर: पास पुढे गेला, गुण रद्द.

चेंडू हातानं पुढे टाकायचा नाही, हे आपल्याकडे पोरं बोलायच्या आधी शिकतात. त्यामुळे गावातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त दिसलं होतं. मासे-चिप्सच्या दुकानात मला पाहून मासे संपायचे. आमच्या दारावर झेंड्या रंगवल्या, तीनदा पुसल्या, चौथ्यांदा घर विकलं. आईच्या अंत्यविधीला मी मागच्या बाकावर होतो आणि क्लेमनं माझा हात हातात घेतला नाही, हे तू पाहिलंस.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. माझं एकच मागणं आहे. यंत्र माझ्या बाजूनं बोललं तर कुणीतरी त्या जेवणात उभं राहून माझं नाव घ्यावं. मग मी गावात येईन. नाहीतर इथेच बरा आहे.

गुडघ्यांना जप. लोभ आहे, गंजलाय इतकंच.

तुझा,
नेव्हिल

*

ऑल्डरशॉ,
१९ फेब्रुवारी

चि. नेव्हिल यास,
ताईचे अ. आ.

हे पत्र मी अकरा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. रोज सुरू केलं असं म्हणणार नाही; खरं तर एकदाच केलं आणि चुलीत टाकलं.

क्लेम गेला त्याच्या दोन दिवस आधी इस्पितळात त्यानं मला जवळ बसवलं. मला वाटलं विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगेल. तो म्हणाला की बेरिल, तो पास पुढेच गेला होता. इतकी वर्षं नेव्हिलला शिव्या खाऊ दिल्या, मला तोंड उघडायचा धीर झाला नाही. नंतर पुष्कळ रडला. त्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आमचा मुलगा गेला तेव्हाही नाही.

मी गप्प राहिले. त्याच महिन्यात स्टँडला त्याचं नाव दिलं. फीत मीच कापली, नवा हिरवा कोट घालून. गावानं त्याला इतकी वर्षं लुटला गेलेला राजा म्हणून डोक्यावर घेतलं होतं, आणि मी राणीसारखी मिरवत होते. तिथे उभं राहून मी काय सांगणार होते?

आता यंत्र बोलेलच. ते तुझ्या बाजूनंच बोलणार, हे मला ठाऊक आहे, आणि पडद्यावर दिसण्याआधी तुला माझ्या हातून कळावं म्हणून लिहिलं. क्षमा माग असं मन सांगतं, पण कोणत्या तोंडानं मागू?

लोभ ठेव असं लिहायची हिंमत नाही.

बेरिल

*

क्रोमर,
२२ फेब्रुवारी

बेरिल,

मोनिकाला जाऊन नऊ वर्षं होतील. तिला ऑल्डरशॉला तिच्या आईशेजारी पुरायचं होतं. शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणाली. गावात तोंड दाखवायला नको म्हणून मी स्वतःच्या बायकोला इथे, ओळखीचं एकही नाव नसलेल्या दफनभूमीत ठेवली. तेव्हा तुला ते वाक्य दोन वर्षांपासून माहीत होतं.

एक पाकीट आणि एक तिकीट, एवढाच खर्च होता.

नेव्हिल

*

लीड्स,
११ मार्च

ती. नेव्हिलआजोबांस,
फ्रेयाचा शि. सा. न. वि. वि.

आपली भेट मी पाच वर्षांची असताना झाली होती, तुम्ही मला खेकडा कसा धरायचा ते दाखवलं होतं. आजीच्या घरी सध्या कुणी जेवत नाही. ती मला काही सांगत नाही, फक्त यंत्र लवकर चालव म्हणते. म्हणून हे आधी तुम्हाला लिहिते, तिला अजून सांगितलेलं नाही.

पास पुढे गेला नव्हता.

मी चार वेळा तपासलं. माझा विश्वास बसला नाही म्हणून मैत्रिणीला कुणाचा सामना आहे ते न सांगता तपासायला दिलं. तोच निकाल आला. तुम्ही लहानपणी सायकलवरून वर्तमानपत्रं टाकायचा ना? जोरात जाताना घडी हलकेच मागे टाकली तरी ती सायकलच्याच ओढीनं पुढे जाऊन पडते. तसंच आहे. क्लेमआजोबांच्या हातातून चेंडू मागेच सुटला, चांगला हातभर मागे. समोरच्या गड्याचा धक्का बसायच्या आधीच तो सुटला होता, हेही स्पष्ट दिसतं. पण ते इतक्या वेगात होते की जमिनीवरच्या खुणा पाहिल्या तर चेंडू दोन यार्ड पुढे गेलेला वाटतो. नियम हात पाहतो, जमीन नाही. स्टँडमधल्या कुणालाही, कुठल्याही पंचाला तो पुढे गेला असंच वाटलं असतं. टीव्हीच्या एका कॅमेऱ्यावर मलाही तसंच वाटलं होतं.

मला वाटलं होतं मी तुमचं नाव मोकळं करीन. तुम्ही नको म्हणालात तर पडद्यावर काही दाखवणार नाही, समितीला मी यंत्र बिघडलं असं सांगेन. हे खोटं बोलायची माझी तयारी आहे.

मोठ्यांचा लोभ असावाच, पण रागावलात तरी कळवा.

तुमची,
फ्रेया

*

क्रोमर,
१५ मार्च

ती. बेरिलताईस,
नेव्हिलचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी मायना लिहिला नव्हता, तो आज दोनदा लिहिला असं समज.

फ्रेयानं तुला सांगितलं असेल. नसेल तर मी सांगतो: पास बरोबर होता. तुमचा करंडक मी घालवला. पत्र वाचून मी ओट्यापाशी कितीतरी वेळ उभा होतो, किटली उकळून कोरडी पडली तरी कळलं नाही.

पण जे मी मोनिकालाही सांगितलं नाही ते आता ऐक. मी तो पास पाहिलाच नाही.

त्यांचा एक दांडगा गडी माझ्या आणि क्लेमच्या मध्ये आला. मला चेंडू दिसला तो थेट डेनिसच्या हातात, आणि डेनिस खूपच पुढे होता. एका श्वासात ठरवायचं होतं. मी क्लेमकडे पाहिलं. लहानपणी त्यानं चॅपेलची काच फोडली होती तेव्हा आपण तिघं तिथे होतो, आठवतं? पांढराफटक चेहरा, तोंड उघडं, हात पोटाशी. हुबेहूब तोच चेहरा. मला वाटलं, याला कळलंय की चूक झाली. मी झेंडी वर केली ती त्या चेहऱ्यावर. बाकी कशावर नाही.

आणि इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की मी डोळ्यांनी पाहिलं. तुझं पत्र आलं तेव्हा मला आधी आनंद झाला, मग तुझा राग आला. चेहरा वाचायला तरी मी चुकलो नव्हतो, असं वाटलं. आता मला काहीच समजत नाही. पास मागे गेला होता, मग क्लेम स्वतः पुढे गेला असं का म्हणाला? आणि त्याचा चेहरा तसा का झाला होता?

फ्रेयाला सांग, खोटं बोलायचं नाही. तिनं दाखवावं.

लोभ मागायचा हक्क उरला असेल तर मागतो.

तुझा,
नेव्हिल

*

ऑल्डरशॉ,
२० मार्च

चि. नेव्हिल यास,
ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

सकाळपासून तुझं पत्र ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरते आहे. फ्रेया आली होती. तिलाही वाचून दाखवलं. ती जिन्यावर बसली ती उठेना.

चेहऱ्याचं मी सांगते. त्या रात्री क्लेमचा शर्ट मी कात्रीनं कापून काढला. पास टाकल्याबरोबर कुणाचा तरी खांदा बसला होता. तीन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टर बोलवू दिला नाही, कारण हरलेल्या माणसानं दुखणं दाखवायचं नाही, ही खाणवाल्यांची रीत. जुनी चादर फाडून मी घट्ट बांधली आणि सोमवारी तो खाली खाणीत गेला. बाहेर कुणाला कळलं नाही. तुला कळायचा प्रश्नच नव्हता, तू शेजारच्या गल्लीत राहत होतास आणि आम्ही तुझ्याशी बोलत नव्हतो. नेव्हिल, त्याला श्वास घेता येत नव्हता. तुला दिसला तो चेहरा दुखण्याचा होता.

आता दुसरं. इस्पितळात तो जे म्हणाला ते मी तुला अर्धंच लिहिलं. लपवलं नाही, मला ते महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून राहिलं. तो म्हणाला की पास टाकताना मला स्वतःला काही कळलं नाही, सगळं काळं झालं होतं. डोळे उघडले तर नेव्हिलची झेंडी वर. नेव्हिल माझ्याविरुद्ध झेंडी उगाच वर करणार नाही. त्यानं केली, म्हणजे पास पुढे गेलाच असणार.

एवढंच होतं त्याच्याकडे. तुझ्यावरचा भरवसा. तुझ्याकडे होता त्याचा चेहरा. आणि एवढ्यावरून, नवरा जायच्या कितीतरी आधी, मी भाऊ गमावून बसले होते. आज दुपारी मी स्वयंपाकघरात मोठ्यानं ओरडले, शेजारीण धावत आली.

सेक्रेटरीला सांगितलंय. ६ तारखेला पडदा लागेल, निकाल वाचला जाईल, आणि मग मी उभी राहून ही दोन्ही पत्रं वाचीन, तुझं आणि क्लेमच्या वाटचं माझं. गावाला काय वाटायचं ते वाटो. तुझं नाव मी घेईन, पहिलं.

वेकफिल्ड स्टेशनवर फ्रेया मोटार घेऊन येईल. पीटरबरोला गाडी बदलायला विसरू नकोस, तू पूर्वी विसरायचास. कांद्याच्या रश्श्याबरोबर यॉर्कशायर पुडिंग करते, क्लेमच्या खुर्चीत बस, तिची गादी नवी भरली आहे. मोनिकाच्या आईच्या कबरीशेजारची जागा अजून रिकामी आहे. पाद्रीबाबांना मी काल विचारून आले.

झेंडी असेल तर आण. लोभ आहे तो आता पोस्टानं धाडू नकोस, स्वतः घेऊन ये.

तुझी,
ताई