मोटरवरचा लाल ठिपका

अण्णा, गेल्या आठवड्यात उमापूरचे एक निवृत्त मास्तर त्यांचा वॉकमन घेऊन माझ्याकडे बीडला आले. यंत्र कधीचं आहे ते सांगा आणि चालू करून द्या, एवढंच म्हणाले. मी मागचं झाकण काढलं. सर्किटवरच्या कपॅसिटरवर एकोणनव्वद सालाचा शिक्का होता, मोटरवर त्र्याण्णवचा. म्हणजे मोटर नंतर बदललेली. "गेवराईला तुमच्या वडिलांच्या दुकानात टाकलता," मास्तर म्हणाले. "त्यांच्या पुतण्यानं बसवली मोटर. लई बारीक हात होता पोराचा."  मोटरच्या मागच्या बाजूला, वेग जुळवायच्या बारीक स्क्रूवर, लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

तुम्हाला आठवतं का, असं विचारण्यात अर्थ नाही, म्हणून मीच सांगते. मोठे टेपरेकॉर्डर तुम्ही दुकानात करायचात. वॉकमन मात्र डब्याच्या पिशवीत घालून घरी आणायचात, कारण तुमची बोटं जाड होती आणि पुतण्याला बेल्ट उलटा बसला तरी कळायचं नाही. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे आणि मी खिडकीखाली, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून काठाच्या ताटात यंत्र उघडून बसले आहे. वेग जुळला की स्क्रू हलू नये म्हणून तुम्ही त्यावर मेणबत्तीचं मेण टाकायचात. गेवराईच्या उन्हाळ्यात ते मेण सुटायचं आणि गाणं रडायला लागायचं. मी नेलपॉलिश लावलं. ते सुटत नाही.

पहिल्यांदा तुम्ही ते पाहिलंत तेव्हा ताट माझ्यासमोरून ओढून घेतलंत. "उद्या कुणी खोललं तर? बाईच्या हाताचं काम हाय म्हणतील. गिऱ्हाईक येईल का मंग?" आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "हात बाईचाच हाय की. तुमच्या डब्यातली भाकरी बी बाईच्याच हातची, ती कशी चालती?"  तुम्ही माझ्यासमोर ब्लेडने ठिपका खरवडलात आणि वर मेण ओतलंत. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात आले, तर गिऱ्हाइकासमोर तुम्ही पुतण्याच्या पाठीवर थाप मारत होतात. "आमचा पोरगा डोळे झाकून करतो." मी डबा ठेवला आणि निघाले. पुढे दुकान त्याला दिलंत. मी दहावी पास झाले तेव्हा मला स्क्रूड्रायव्हरचा संच दिलात, "घरच्या घरी कामाला येईल" म्हणून. पॉलिटेक्निकला मला आईने घातलं, तुम्ही गेल्यावर. तो संच मी तिथे नेला नाही.

मी पुढेही ठिपके लावत राहिले, तुम्ही खरवडत राहिलात; हा एक तुमच्या ब्लेडमधून कसा सुटला, ते मला माहीत नाही. आई म्हणते, मुद्दाम ठेवला असेल. मला पटत नाही. घाईत राहिला असेल. तुम्हाला इतक्या स्वस्तात सोडायची माझी तयारी नाही.

मास्तरांना मी सांगितलं, "ती मोटर मी बसवली होती." ते हसले. "काय सांगता! तुमी तवा फ्रॉकमधी असाल." मी म्हटलं, "फ्रॉकमध्येच बसवली." मग ते हसायचे थांबले. "मंग त्यांनी पुतण्याचं नाव कावून सांगितलं?" याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं. तुम्ही नाही आहात, आणि तुमच्या वतीने काही सांगावं असं मला वाटलं नाही.

नवा बेल्ट घातला, हेड साफ केलं, वेग मोजला. थोडा जास्त भरतो. तो जुळवायचा तर ठिपका फोडावा लागतो. मी स्क्रूड्रायव्हर त्यावर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. दुसऱ्या कुणाच्या हातचं काम असतं तर एवढा फरक मी कधीच राहू दिला नसता. झाकण लावून यंत्र मास्तरांना परत दिलं आणि सांगितलं, वेग अगदी बरोबर आहे.