धोबिणींच्या तोंडी तुमचं पत्र

माद्रिद, ९ जुलै १८९४

तीर्थस्वरूप काकांना, त्यांच्या हातावर ओठ टेकून (हात तुम्ही पुढे केलेला नाही हे मला ठाऊक आहे, मी हवेतच टेकले), पुतण्या कासिमिरोचा नमस्कार. मी सुखरूप आहे. तुमचं पित्त कसं आहे? ब्रिहिदा आत्याच्या गुडघ्याची सूज उतरली का? ही चौकशी माझ्या एकट्याची नाही. काल एका अनोळखी कोळसेवाल्याने मला भर रस्त्यात थांबवलं आणि टोपी काढून आत्याचा गुडघा आता कसा आहे म्हणून विचारलं. माद्रिदला काळजी लागली आहे, एवढं तिला सांगा.

तुमचं चार ओळींचं पत्र पोचलं. कथीड्रलच्या ऑर्गनवादकाची जागा रिकामी आहे, तिच्या परीक्षेला मी यावं. धोबिणींच्या गाण्यातले शब्द काढून टाकावेत. जाहिरातीवरचं तुमचं नाव खोडावं. आणि हे सगळं संत याकोबाच्या सणाच्या, म्हणजे पंचवीस जुलैच्या आत व्हावं, नाहीतर यापुढे तुम्ही मला एक अक्षर लिहिणार नाही आणि वाल्दोर्माच्या घराचं दार मला बंद. उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको. येणार नाही. काढणार नाही. खोडणार नाही. आता घडलं ते माझ्याकडून ऐका. तुम्हाला ते वर्तमानपत्रातून आणि बिशपसाहेबांच्या तोंडून कळलं आहे, आणि त्या दोघांनाही गाण्यातलं काही कळत नाही.

मी एकोणिसाव्या वर्षी तुमच्या ऑर्गनपासून पळालो हे खरं. सात वर्षं इथे काय केलं असं तुम्ही दर पत्रात विचारता, तर सांगतो. दोन वर्षं एका कॉफीघरात पियानो वाजवला (त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांपैकी चार मुक्या होत्या, त्यामुळे मला त्या चार सुरांवाचून विचार करायची सवय लागली, आणि टीकाकार तिला आता माझी शैली म्हणतात). मग नृत्यशाळेत वाजवलं, प्रेतयात्रांत वाजवलं. मग झार्झुएला लिहू लागलो. तुम्ही तिला नरकाची ओसरी म्हणता. ती प्रत्यक्षात तासाभराची असते, थोडं बोलणं, थोडं गाणं, थोडा नाच, की लगेच दुसरे प्रेक्षक आत. नरकात इतका नीटनेटका कारभार असेल असं वाटत नाही. माझी पहिली झार्झुएला पायांनी पाडली. म्हणजे इथे नाटक आवडलं नाही तर शिट्ट्या मारत नाहीत, सगळं नाटकगृह मिळून फळ्यांवर पाय आपटतं, आणि तो आवाज ज्याने आपल्या स्वतःच्या सुरावटीवर ऐकला त्याला घोड्यांचीही भीती वाटू लागते. दुसरीही तशीच पाडली. तिच्यात एक पेंढा भरलेला बैल होता आणि लोकांनी फक्त त्याला टाळ्या दिल्या. तुम्ही तेव्हा लिहिलंत की देवाने दोनदा इशारा दिला आहे. मी तिसरी लिहायला घेतली.

तिसरी नदीकाठच्या धोबिणींची. शब्द लिहिणार होता बाल्तासार, ज्याच्याबद्दल मी तुम्हाला पूर्वी चांगलं लिहिलं होतं. ते आता परत घेतो. इथली रीत अशी की बरेचदा चाल आधी होते आणि शब्द मागून येतात. चालीत कुठे जोर आहे, कुठे किती अक्षरं मावतात हे कवीला कळावं म्हणून गाणं बांधणारा स्वतःच वाटेल ते शब्द खाली लिहून देतो. त्याला आम्ही 'राक्षस' म्हणतो. राक्षसाला अर्थ नसतो. एकाने भाजीची यादी लिहिलेली मी पाहिली आहे, एकाने आपल्या घरमालकिणीची सगळी नावं. कवीने त्या मापाचे खरे शब्द आणायचे आणि राक्षस मारायचा.

त्या सकाळी माझ्यापुढे चाल तयार होती, डोक्यात एक शब्द नव्हता, आणि टपालवाल्याने तुमचं मे महिन्याचं पत्र आणून दिलं. आठ पानांचं. काका, तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल: तुम्ही शांत असता तेव्हा रटाळ लिहिता, पण रागावलात की ठेक्यात, मोजक्या अक्षरांत रागावता. तीस वर्षं प्रवचनं केल्याचा हा परिणाम असावा. मी पत्र चालीखाली धरलं आणि ते बसलं. एक मात्रा इकडची तिकडे करावी लागली नाही.

पायमोजे लोकरीचे
उन्हाळ्यातही काढू नको,
नाटकवाल्या बायकांच्या
हातचं सरबत पिऊ नको!

बिशपसाहेब विचारतात
पोरगा कसा वाया गेला,
ऑर्गनवर उंदीर नाचे,
आत्याचा गुडघा सुजून आला!

हे तुमचंच आहे, उंदरांसकट. मी फक्त ओळी तोडल्या. राक्षस बाल्तासारला पाठवला, एक प्रत तालमीला ठेवली. बाल्तासारचा दात दुखत होता, मग दातांचे डॉक्टर नको म्हणून तो तोलेदोला बहिणीकडे पळाला. इकडे तालमीत चोवीस धोबिणी उभ्या, म्हणून त्यांना राक्षसच शिकवला. आमच्या गायकवृंदातल्या बहुतेक जणींना लिहितावाचता येत नाही. त्या कानाने शिकतात, आणि कानाने शिकलेलं त्यांच्या हाडात जातं. सगळ्यांत पुढची व्हिसेन्ता ही तर खरोखरीची धोबीण, अकरा वर्षं नदीवर चादरी आपटलेली. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "उस्ताद, ही आत्या कोण हो?" मी म्हटलं, कुणी नाही, हे शब्द तात्पुरते आहेत. ती म्हणाली, "तात्पुरता गुडघा कुणाचा सुजत नाही." आणि पाच दिवस त्या सगळ्या रोज तालमीनंतर आत्याची विचारपूस करत होत्या.

बाल्तासार शब्द घेऊन परतला तो खेळाच्या दिवशी दुपारी. त्यात चंद्र होता, चांदीच्या लाटा होत्या आणि 'हे निर्मल फेना' असं एक संबोधन होतं. मालक सेन्योर कुबेरो म्हणाले, हेच गायचं, कवीला पैसे दिले आहेत. (सेन्योर कुबेरो पूर्वी खेचरांचा व्यापार करत. ते अजूनही नटांच्या दातांकडे बघतात.) तासभर नवे शब्द घोटले. व्हिसेन्ता मला म्हणाली, "फेसाला आम्ही शिव्या घालतो, उस्ताद. हाक मारत नाही." तरी गायल्या बिचाऱ्या.

पडदा उघडला. पहिल्या खेळाला वाद्यवृंदापुढे गाणं बांधणाऱ्याने स्वतः उभं राहायचं असतं, म्हणजे मारायला सोपं पडतं. मी काठी उचलली. व्हिसेन्ता टोपली घेऊन पुढे आली, तिने हजार तोंडं पाहिली, आणि निर्मल फेन तिच्या डोक्यातून निथळून गेला. हाडात होतं ते बाहेर आलं. पायमोजे लोकरीचे! बाकी तेवीस जणींना सुटल्यासारखं झालं आणि त्या तिच्यामागे धावल्या. मी काठीने नको नको केलं, ते त्यांना जोरात जोरात वाटलं. 'आत्याचा गुडघा' आला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. मग वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, "अगं, पण त्यावर गरम मीठ बांधा ना!" आणि पाय सुरू झाले. मी डोळे मिटले. पाय आपटत होते, खच्चून आपटत होते, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की ते तालात आपटत आहेत.

पाच वन्समोअर. पहिल्या वन्समोअरला बाल्तासार विंगेत डोकं धरून सांगत होता, असली बाजारू पद्यं मी जन्मात लिहिणार नाही. तिसऱ्याला त्याने डोकं सोडलं. पाचव्याला त्याने गळपट्टा सारखा केला. इथे लेखकाचं नाव पहिल्या खेळाच्या शेवटापर्यंत प्रेक्षकांना सांगत नाहीत (पडलं तर कुणाची अब्रू जायला नको). लोकांनी ओरडून मागितलं तरच मुख्य नट पुढे होऊन जाहीर करतो. लोकांनी ओरडून मागितलं. "धोबिणी कुणाच्या? धोबिणींचे शब्द कुणाचे?" बाल्तासार निघालाच होता. काका, तुम्ही मला लहानपणापासून एकच गोष्ट मारून शिकवलीत, की दुसऱ्याचं आपलं म्हणू नये. मी वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून उडी मारून रंगमंचावर चढलो (विजार फाटली, ती व्हिसेन्ताने शिवली) आणि मोठ्याने सांगितलं की या गाण्याचे शब्द वाल्दोर्मा कथीड्रलचे पाद्री एर्मोखेनेस रुइपेरेस यांचे आहेत. लोक उभे राहिले. एवढ्या टाळ्या तुम्हाला तीस ईस्टरांत मिळालेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सेन्योर कुबेरोंनी नाव जाहिरातीवर चढवलं, माझ्या नावाहून मोठ्या अक्षरांत.

याची मी माफी मागावी असं तुमचं म्हणणं. कशाची? चोरी होऊ दिली नाही याची? तुम्ही लिहिता की पाद्र्याचं नाव नाटकाच्या भिंतीवर शोभत नाही. तुमचं नाव वाल्दोर्मात कशावर आहे, तर तळघरातल्या मेणबत्त्यांच्या पेटीवर. बाजाराच्या दिवशी दांडा फिरवून गाणी वाजवणारा पेटीवाला धोबिणींचं गाणं घेऊन खिडकीखाली आला आणि आत्या भाजी टाकून खाली धावली, म्हणाली, "हा माझा गुडघा!" असं पोस्टमास्तरांनी मला कळवलं आहे. तिने त्याच्याकडून गाणं तीनदा वाजवून घेतलं हे तुम्ही लिहायचं विसरलात. बिशपसाहेबांनी तुम्हाला बोलावून जाब विचारला, हेही पोस्टमास्तरांकडूनच कळलं, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटलं. पण तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत? मान खाली घातलीत. तुम्ही, ज्यांनी मला आठ पानं लिहिली! काका, त्या आठ पानांत एक माणूस आपल्या पोराला थंडी वाजू नये म्हणून जीव तोडून ओरडतो आहे. गॅलरीत बसणाऱ्या प्रत्येकाला असा कुणीतरी आहे, किंवा नाही म्हणून तो रडतो. म्हणून ते पाय आपटतात. मी त्यातलं एक अक्षर काढणार नाही. जाब विचारायचा असेल तर बिशपसाहेबांनी मला पत्र लिहावं. ते किती अक्षरांत रागावतात ते बघू.

परीक्षेला दुसरं कुणीतरी बसवा. ऑर्गन तुम्ही शिकवलात तो मी विसरलेलो नाही. धोबिणींच्या गाण्यात खालचा सूर शेवटपर्यंत धरून ठेवलेला आहे, तो तुमच्याकडचा. तेवढा मात्र जाहिरातीवर घालायचा राहिला.

दार बंद असलं तरी त्या दारातून नमस्कार. आत्याला गरम मीठ.

आपला (हे तुम्ही खोडलं तरी) पुतण्या,
कासिमिरो

ता. क. एक अडचण आहे. सेन्योर कुबेरोंना सप्टेंबरात नवी झार्झुएला हवी आहे. बाल्तासारने शब्द दिले आहेत. त्यात या खेपेला दोन चंद्र आहेत. तुमच्या चार ओळींच्या पत्रावर मी तीन दिवस खटपट केली. एकही ओळ गात नाही. शांतपणे लिहिलेलं आहे, आणि याची मला दारापेक्षा जास्त भीती वाटते. तेव्हा विनंती अशी की मला पत्र लिहिणार नाही, हे कृपया मला सविस्तर लिहावं. पानं कितीही चालतील.

ता. क. दुसरी. विषय सुचत नसेल तर: मी व्हिसेन्ताशी लग्न करतो आहे. ती धोबीण आहे, नाटकात गाते, तिला लिहिता येत नाही, आणि सरबत मी तिच्याच हातचं पितो. ही विनंती नाही, बातमी आहे. चर्चमध्ये काल लग्नाची, तीनपैकी पहिली जाहीर घोषणा झाली.

ता. क. शेवटची. इथल्या पाद्रीसाहेबांनी विचारलं, लग्न मीच लावायचं ना? मी म्हटलं, नाही, आमचे घरचे पाद्री येणार आहेत. शनिवार, अठ्ठावीस जुलै, सकाळी दहा. तुमच्या मुदतीनंतर तीन दिवसांनी. व्हिसेन्ता म्हणते, न विचारता नाव सांगितलंस, आता ते आले नाहीत तर? पाद्रीसाहेबांनी चर्चच्या वहीत तुमचं नाव शाईने लिहून घेतलं आहे. तेही मी खोडणार नाही.