मावशीची मान

१४ मार्च

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (जरा जपूनच वाकले, का ते पुढे कळेल.) इतके दिवस पत्र नाही, म्हणून रागावली असशील. आळस नव्हता, काय लिहावं तेच ठरत नव्हतं. तुझी कंबर कशी आहे? भाऊजी साखर टाळतात ना, की टाळल्यासारखं करतात?

तू सोपवलेलं काम केलं. म्हणजे, करायला गेले. तुझ्या छकुलीला चांगल्या कंपनीत नोकरी मिळालीय, सोमवारपर्यंत उत्तर कळवायचंय आणि बाईसाहेबांना मात्र केस कापायचं दुकान काढायचंय. "तू तिला ताळ्यावर आण," असं तुझं म्हणणं. परदेशातून इथल्या विद्यापीठात आलेल्या मुलांना नोकरी-धंद्याचा सल्ला देण्यावरच माझं पोट चालतं. घरच्या पोरीला समजावणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला खरंच वाटलं होतं.

तिच्या वसतिगृहात पोचले तर खोलीबाहेर रांग. (सध्या फुकट कापते. शिकायच्या व्हिसावर धंदा करता येत नाही, म्हणून आधी तेच विचारून घेतलं.) माझ्यापुढे गणित शिकणारी एक मुलगी होती. माझ्या ऑफिसात ती 'हो' आणि 'नाही' यापलीकडे कधी गेली नाही. इथे खुर्चीत बसून आईबद्दल, अंगणातल्या कुत्र्याबद्दल अखंड बोलत होती. जाताना मला म्हणाली, घर सोडल्यापासून डोक्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता.

मग माझी पाळी. छकुलीने गळ्याभोवती चादर गुंडाळली. "मावशी, कापता कापता बोलू. फक्त मान हलवू नकोस." आता, समोरचा बोलत असताना मान डोलवत ऐकायचं, हे आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात. ती सवय माझ्या हाडीमाशी मुरलीय. जागा कुठे बघितलीय, व्हिसा कसा बदलायचा, ती सांगत गेली. मी डोलत गेले. कात्री चालत गेली. उठले तेव्हा डावी बाजू कानापाशी, उजवी खांद्यापाशी, आणि ही डोळे पुसत म्हणतेय, "घरातल्या एका तरी माणसाला पटलं."

तो होकार नव्हता, नुसती सवय होती, हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं, हे रोज स्वतःला विचारते. भीड पडली म्हणावं, तर तेवढंच कारण नसावं.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम आता लिहिते. (पत्राचा फोटोच पाठवतेय, टपालाने रविवारच्या आत पोचायचं नाही.) तिने कंपनीला अजून नकार कळवलेला नाही. आईशी बोलल्याशिवाय कळवणार नाही म्हणते. रविवारी फोन कर आणि आधी ऐकून घे. फोनवर मान डोलवलेली दिसत नाही, तेव्हा मधून मधून 'हं' म्हणत जा.

आणखी एक. दुकान चालेलच अशी हमी माझ्याकडे मागू नकोस. माझं डोकं बघून कुणीच देणार नाही.

उद्या : छकुलीकडे जाऊन उजवी बाजू डावीएवढी करून घेणे.