एकच पाट

शारजा, २२ सप्टेंबर २०२४

चि. अंबादास यास अ. उ. आ.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नीट कळव. मागच्या पत्रात दोन्ही लिहिलं होतंस. गिरिजाचं पित्त? अस्मीला नवी नोकरी मानवली, की अजून डबा तसाच परत आणते? आमच्याकडे सिद्धार्थची पाठ, सूनबाई अपर्णाची अर्धशिशी आणि नात मिहिकाचं तोंड सोडलं तर सगळं जागेवर आहे. माझं शेवटी लिहिते.

फोन करत नाही, कारण मी फोनवर बोललेलं घरभर ऐकू जातं आणि अर्ध्या तासात ग्रुपवर येतं. शेजारचा नीरव पुण्याला निघालाय, त्याच्या हाती पत्र देते.

शनिवारी मिहिकानं आम्हाला एक फ्रेंच सिनेमा दाखवला. तिला कॉलेजात त्यावर लिहायचंय. सुट्टीला सगळं कुटुंब एका घरी जमतं, आजी आजारी असते. अडीच तास ती माणसं जेवतात आणि एकमेकांच्या तोंडावर वाट्टेल ते बोलतात. बहीण भावाला सांगते की तुझ्या लग्नात मी रडले ती दुःखानं, तर तो म्हणतो मीठ दे. आता कोणीतरी ताटावरून उठेल म्हणून मी वाट बघत होते. एक उठेल तर शपथ! शेवटी चीज आलं. गोष्ट कधी सुरू होणार म्हणून विचारलं, तर मिहिका म्हणाली, खलास आजी, संपली.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. सहा वर्षांपूर्वी आईच्या वर्षश्राद्धाला वासुदेव भरल्या ताटावरून उठला, आणि त्या दिवसापासून तुम्ही दोघे सख्खे भाऊ, तू तिकडे आणि तो इथे शारजात, माझ्यामार्फत बोलता. मी काही पोस्टात नोकरीला नाही.

आता माझं. हृदयाची एक झडप बदलायची आहे, ७ नोव्हेंबरला. डॉक्टर चांगला आहे, हात फार गार आहेत त्याचे. त्याआधी ३ तारखेला भाऊबीज. मला तुम्हा दोघांना एका वेळी, शेजारी बसवून ओवाळायचंय. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. तुम्ही आला नाहीत तर मीही बाराव्या मजल्याच्या बाल्कनीतून तेच करीन, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी विचारलं तर सांगेन की होते दोन.

व्हिसाचं सिद्धार्थ बघतोय. लोभ आहेच, तो या वेळी विमानात बसव.

तुझी अक्का,
विद्युल्लता

·

कराड, ५ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास अंबादासचा सा. न. वि. वि.

गुडघा उतरताना दुखतो. चढायचं मी सोडून दिलंय. गिरिजाचं पित्त तिच्यासारखंच आहे, कधी चढेल सांगता येत नाही. अस्मी डबा संपवते, असं अस्मी म्हणते.

तुझं पत्र गिरिजा मोठ्यानं वाचत होती. सात नोव्हेंबरपाशी थांबली. पुढचं मी मनात वाचलं.

येतो. पण वासूच्या शेजारी बसणार नाही. त्याच्या डबे पुरवणाऱ्या किचनचं खाणार नाही; जबल अलीच्या कॅम्पातले मजूर रोज खातात तेवढं पुरे. आणि आधी मी बोलणार नाही. मी काय वाईट म्हणालो होतो? शेवटच्या चार महिन्यांत आईला तू फक्त मोबाइलवर पाहिलंस, एवढंच त्याला म्हणालो. उठला तो. मी बसलोच होतो.

हे त्याला सांगू नकोस. सांगशीलच, तर शब्द बदलू नकोस.

आशीर्वाद असावा, आणि इथून पुढे तब्येतीचं पहिल्या ओळीत लिहीत जावं.

अंबादास

·

इंडस्ट्रियल एरिया, २७ ऑक्टोबर
(किचनच्या डबेवाल्या मोहिद्दीनच्या हाती, डब्यासोबत)

ती. अक्कास नमस्कार.

डब्यात अळणी भाजी आहे, मीठ वरून घेऊ नकोस. डॉक्टरांनी मला सांगितलंय, तुझ्यावर विश्वास नाही.

तू सांगितलेला पाट शेजारच्या वर्कशॉपमधल्या नोमानला करायला दिलाय. तो पेशावरचा, पाट कधी पाहिलेला नाही; मी हातवारे करून समजावलं. इन्शाल्ला शनिवारी मिळेल. साडेचार फुटी पाट कोणासाठी, हे मी विचारत नाही. मी अकराला येईन, ओवाळून झालं की अकरा दहाला निघेन. किचनला काम आहे.

कळावे.
वासू

·

शारजा, ४ नोव्हेंबर २०२४

सौ. गिरिजास अ. उ. आ.

तू अस्मीसाठी मागे राहिलीस म्हणून कालचं तुला सविस्तर कळवते. तुझा नवरा सांगेल त्यात तो शूर असेल.

एकच पाट पाहून दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी छातीवर हात ठेवला. बसले. मी कुंकू लावलं, सुपारी-अंगठी फिरवली, ओवाळलं. अकरा दहाला वासू उठला आणि अंबादास चकलीसकट जमिनीकडे निघाला. नोमाननं पाटाचे दोन्ही पाय मधोमध ठोकले होते. वासू घाबरून परत बसला, तसा तुझा नवरा वर आला. मग त्यानं उठून पाहिलं, तर वासू खाली निघाला. सिद्धार्थ धरायला धावला. त्याला मी गप बस म्हटलं आणि अपर्णाला पानं तिथेच वाढायला सांगितली.

गिरिजा, दोन तास! आईचा विषय पुरणपोळीला निघाला. वासू म्हणाला, दादा, तू बोललास ते खोटं असतं तर मी बसून भांडलो असतो. खरं होतं म्हणून उठलो. तुझा नवरा बराच वेळ वरणभात कालवत राहिला. मग ताटाकडेच बघत म्हणाला की चार महिने उशाशी मी होतो, आणि आई रोज विचारायची वासूचा फोन आला का. वासूनं मीठ मागितलं. ते अंबादासनं दिलं. मिहिका कोपऱ्यातून वहीत लिहीत होती.

उठायचं तर दोघांना एकदमच उठावं लागणार होतं, आणि गुडघे एकाचेही धड नाहीत. शेवटी एकमेकांचे दंड धरले, वासू यल्ला, चल, म्हणाला, आणि उठले. नंतर दंड सोडायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पोळ्या वासूच्या किचनच्या होत्या; तुझ्या नवऱ्यानं चार खाल्ल्या. संध्याकाळी बाल्कनीतून बीजेची कोर दिसली. तिला म्हटलं, यंदा राहू दे.

गुरुवारी हॉस्पिटलात माझ्यापाशी कोणी थांबायचं यावरून आता दोघे कडाडून भांडतायत, समोरासमोर. मला बरं वाटतंय.

वासू पाटाचे पाय बदलून आणतो म्हणाला. मी हात लावू दिला नाही. हॉस्पिटलातून परत आले की मी मधे बसणार आहे. मधे बसलं की तो हलत नाही, मी बसून पाहिलंय. तुझं पत्र तिथेच बसून वाचीन, तेव्हा उत्तर लवकर धाड.

तुझी,
अक्का