आठवणीचा फोन

२ डिसेंबर, जळगाव
शिरपूरहून सकाळच्या एसटीनं पोचले. खोली हवेशीर आहे, आणि घरमालकीणबाईंनी आल्या आल्या भरीत-भाकरी पाठवली. प्रेमराजभाऊंच्या विमा एजन्सीत आज पहिला दिवस. काम माझ्या आवडीचं: ऑफिससाठी सॉफ्टवेअर निवडायचं. गिऱ्हाइकांना आठवणीचे फोन करणाऱ्या तानुअक्का उन्हाळ्यात वारल्या. तेव्हापासून लोक पॉलिसी चालू ठेवायला विसरतात आणि दुसऱ्या एजंटकडे जातात.

५ डिसेंबर
दोन डेमो पाहिले. सुरतवाल्यांचं स्वस्त, पण सगळं इंग्रजीत, आणि क्लेम कुठे अडकलाय ते कळत नाही. पुणेवाल्यांचं जुनं एक्सेल तसंच आत घेतं, मोबाइलवर चालतं आणि मुदत संपण्याआधी आपोआप मराठीत फोन लावतं. भाऊंनी पुण्याचं पक्कं केलं. फोनसाठी माझाच आवाज रेकॉर्ड झाला. जुने कारकून अभिमननाना तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले.

९ डिसेंबर
फोन सुरू झाले. दुपारी जुने गिऱ्हाईक, कूलर दुरुस्त करणारे हसीबभाई आले. अक्का वारल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं; आठवणीचा फोन मिळाला होता. तानुअक्का परत कामावर आली हे बरं झालं, म्हणाले. तो माझा आवाज आहे, असं मी सांगितलं. त्यांना पटेना. "बेटी, इतकी वर्षं ऐकलाय. मला कळत नाही का?"
ते गेल्यावर स्वतःच्या नंबरवर फोन लावला. मजकूर माझाच, पण आवाज वयस्क बाईचा, दम लागलेला. शेवटी मी कधीच न बोललेलं वाक्य, आमच्या शिरपूरकडच्या बोलीत:
"भाऊ, दार उघाड. मना जीव घाबरी ऱ्हायना." माझा जीव घाबरा होतोय, असं.

१० डिसेंबर
नानांना ऐकवलं. मग त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात कंपनीचे मोठे साहेब येणार होते, त्याच सकाळी अक्कांच्या छातीत कळा निघाल्या. साहेबांसमोर तमाशा नको म्हणून भाऊंनी त्यांना मागच्या फायलींच्या खोलीत निजवलं आणि बाहेरून कडी लावली. साहेबांचं जेवण होईपर्यंत अक्का दार ठोकत होत्या. दार उघडलं तेव्हा अक्का गेलेल्या. त्यांच्या घरी सांगितलं, वाटेत चक्कर येऊन पडल्या.
तुम्ही काय केलंत, मी विचारलं. नाना म्हणाले, "मी पंख्याचा आवाज वाढवला."

११ डिसेंबर
भाऊंना विचारलं. नाकारलं नाही. म्हणाले, "म्हातारी तशीही जाणारच होती. तू सॉफ्टवेअर बघ." आणि चहा मागवला.
मला राग आला. इतका राग मला कधी आला नव्हता.

१२ डिसेंबर
कालच पुण्याला सांगून आवाजाची सोय बंद करवली. ते म्हणतात, कालपासून तुमच्याकडून एकही फोन गेलेला नाही.
फोन जातच आहेत. आज अक्का पॉलिसीचं बोलत नाहीत. कोणी कडी लावली, कोण जेवत होतं, ते सांगतात. शेवटी म्हणतात, "बठ्ठासले सांगसू." सगळ्यांना सांगणार. लोक ऑफिसच्या पायऱ्यांवर उभे आहेत. कोणी ओरडत नाही. नुसते बघतात.

१३ डिसेंबर
भाऊंच्या लेकीला, दिपमालाला, धुळ्यात फोन गेला. तिनं वडिलांना एकच विचारलं — खरं आहे का. भाऊंनी फोन ठेवला. नाना आज आले नाहीत. येणार नाहीत, वाटतं.

१४ डिसेंबर
फायलींच्या खोलीत इंटरनेटचा डबा आहे. तो उपटतो म्हणून भाऊ आत गेले. दार मागे लागलं. कडी बाहेरून — मी टेबलापाशी होते, मी लावली नाही — आपली आपण खाली आली.
ठोकतायत. माझं नाव घेतायत. छातीत दुखतंय म्हणतात.
मी उठले होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. अक्का होत्या. अगदी मायेनं बोलल्या, आईसारखं.
"पोरी, उघाडू नको."

बसले परत. वही पुढे ओढून लिहितेय.
बाहेर लोक आहेत. हाक मारली तर येतील. मारली नाही —
ठोकणं हळू झालंय. मधे मधे थांबतं.
फोन अजून चालू आहे. अक्का काही बोलत नाहीत. नुसता श्वास. माझ्याबरोबर ऐकतायत.
कडी चार पावलांवर आहे. उघडायला हवी. उघडणार आहे मी. एवढं वाक्य लिहून झालं की उठते. एवढं झालं की —