तुझ्या नावाचा पुरस्कार

आई, गेल्या मंगळवारी तुझ्या त्या महिला इंजिनियरांच्या सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला. तू जाऊन दहा वर्षं झाली, तरी त्यांच्या कुठल्याशा जुन्या यादीत तुझ्या नावापुढे माझा नंबर राहिला होता. मी गोदामाच्या पार्किंगमध्ये गाडीत एसी लावून डबा खात होतो. बाई चांगल्या बोलल्या, अगदी सावकाश, मला वाईट वाटू नये अशा बेताने. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. म्हणाल्या, कमिट्यांवर राबणाऱ्या एका व्हॉलंटियरला आमची शाखा या वर्षापासून पुरस्कार देणार आहे आणि त्याला तुझ्या आईचं नाव द्यायची आमची इच्छा आहे. "फॉर द हँड्स बिहाइंड द सीन्स," असं त्या दोनदा म्हणाल्या. पडद्यामागच्या हातांसाठी. मी होकार दिला की पुढच्या गुरुवारी बोर्डापुढे ठराव जाईल. मी म्हणालो, विचार करून कळवतो. फोन ठेवला आणि डबा अर्धा तसाच बंद केला. मला आधी वाटलं की हे भरून आल्यामुळे असेल. तसं नव्हतं. मला राग आला होता.

कशाचा, ते कळायला दोन दिवस लागले. तुला माहीत आहे, माझं डोकं असंच चालतं, एक वाक्य दहा वेळा उलटंपालटं करून. मी इंजिनियर झालो नाही. व्हॉल्व्हच्या गोदामात बसून प्रत्येक मालाबरोबर आलेलं सर्टिफिकेट तपासतो. नंबर जुळतो का, धातू तोच आहे का, सही कोणाची आहे. दिवसभर चुका शोधायच्या. म्हणून असेल, पण त्यांच्या त्या वाक्यातली चूक मला टोचत राहिली. पडद्यामागे तू आपण होऊन गेली नव्हतीस. पंचवीस वर्षं तू पाइपिंगची कामं केलीस, रिफायनरीतली वाफेची लाइन तापली की किती लांबेल आणि कुठे ढकलेल हे तू कागदावर सांगायचीस आणि तसंच व्हायचं. अशा बाईला महिला इंजिनियरांच्याच सोसायटीत तेरा वर्षं कशावर ठेवलं? कॉफी, स्वागत, नावांचे बॅज, गाड्यांची व्यवस्था, स्कॉलरशिपचे अर्ज.

मला ते स्वयंपाकघर आठवतं. महिन्याचा दुसरा बुधवार. मीटिंग कुठल्या तरी कंपनीच्या कॅफेटेरियात, ऑफिस सुटल्यावर. तू अर्धा दिवस रजा टाकून घरी येतेस, ओट्यावर एका बाजूला कुकर आणि दुसऱ्या बाजूला बॅजच्या शीट्स. मी दहावीत असेन. घाईत मी एका बाईंच्या पोलिश आडनावातलं एक अक्षर गाळलं. म्हणालो, "कोण वाचतंय, आई, एवढंसं असतं ते." तू चिमट्याने पापड उलटत होतीस, गॅस बंद केलास. "ती वाचणार आहे," म्हणालीस. "दिवसभर ऑफिसात तिचं नाव चुकीचं घेतात. इथे तरी बरोबर पाहिजे." मी ती शीट पुन्हा छापली. त्याच संध्याकाळी तुला सोडायला बाबांबरोबर आलो तेव्हा मी पाहिलं, बोर्डावरच्या बायकांच्या बॅजला खाली रंगीत रिबिनी होत्या, अध्यक्ष, सचिव, खजिनदार. तुझ्या बॅजवर तुझं नाव, आणि त्याखाली व्हॉलंटियर.

त्या शाखेची घडण तू मला कधी समजावून सांगितली नाहीस, मी आता कागदांवरून समजून घेतली. बोर्डाची दर वर्षी निवडणूक होते. पण बाकी सगळं कमिट्या करतात, आणि कमिटीवर माणूस निवडून येत नाही, त्याला विचारतात. तू करशील का? त्यात एक नॉमिनेशन कमिटी असते. पुढच्या वर्षी कोणी उभं राहावं हे ती ठरवते, म्हणजे बायकांना फोन करकरून तयार करते. आणि नियम असा की जी या कमिटीवर असेल तिला स्वतः उभं राहता येत नाही. नियम बरोबर आहे. आपलंच नाव आपण सुचवू नये. मी दोनदा वाचला, त्यात खोट नाही.

शनिवारी मी घरी गेलो आणि बाबांकडून सोसायटीच्या कागदांचं तुझं खोकं मागितलं. बाबांनी गॅरेजमधून काढून दिलं, पुसून.

"कशाला पाहिजे?" बाबा म्हणाले. "हो म्हणून टाक ना. चांगलं आहे. तिचं नाव राहील."

"कशासाठी राहील, बाबा?"

"तू पण ना. तिच्यासारखाच. ती ड्रॉइंग तपासायची तसा तू माणसं तपासतोस."

ते चिडून म्हणाले नाहीत. चहा ठेवला, आणि मी जेवणाच्या टेबलावर सगळ्या मीटिंगांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, तारखेप्रमाणे लावत होतो तेव्हा समोर बसून राहिले. तू प्रत्येक मीटिंगची प्रत ठेवली होतीस, पंच करून. मी तुझ्याच पद्धतीने वाचली. जे बरोबर त्यावर पिवळं, जिथे चूक तिथे लाल. आठ वर्षं कॉफी आणि बॅज, आणि मग नॉमिनेशन. त्याच्या पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये नॉमिनेशन कमिटीच्या प्रमुखपदी तुझं नाव, अनुमोदन, एकमताने मंजूर. दुसऱ्या वर्षी सप्टेंबर, तेच. तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षीच्या मिनिट्समध्ये तर लिहिलंय की टाळ्यांच्या गजरात. चार वर्षं ओळीने टाळ्या वाजवून तुला त्या एकाच खुर्चीत बसवलं जिथून उभं राहता येत नाही, आणि दर मे महिन्यात तुझे आभार मानले. मी लाल पेन्सिल उचलली आणि कुठे लावू ते कळेना. एकेक ओळ वेगळी पाहिली तर प्रत्येक बरोबर होती.

आणि तू काम किती मन लावून करायचीस. मला ते फोन आठवतात. तू खांद्यात फोन धरून फोडणी देते आहेस आणि पलीकडे कोणी तरी घाबरलेली बाई आहे. तू तिला सांगतेस, यू विल बी वंडरफुल, तू साइटवर चाळीस माणसं सांभाळतेस, इथे बारा बायका सांभाळायच्या आहेत. फोन ठेवून माझ्याकडे वळतेस. "हिला वाटतं हिला जमणार नाही. सगळ्यांना असंच वाटतं, वेड्या असतात."

"मग तू का नाही होत अध्यक्ष?"

"मी कमिटीवर आहे ना. नियम असतो." असं म्हणून तू वरणात मीठ घातलंस. मला वाटलं, नियम आपल्या आईसाठी आहे म्हणजे काही तरी मानाचंच असणार.

रविवारी मी काकूंना फोन केला. त्याच, पुण्याच्या, ज्या दोनदा अध्यक्ष झाल्या, दोन्ही वेळा तुझ्या फोनमुळे. आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलीकडे असतात. मला वाटलं होतं त्या सांत्वनाचं बोलतील. पण त्या आधी जेवलास का विचारून मोकळ्या झाल्या, आणि मी चार वर्षांचं काढलं तशा सावध झाल्या.

"अरे, ते काम दुसऱ्या कोणाला जमायचंच नाही. शंभर फोन करायचे, लोकांचे नकार ऐकायचे. तुझ्या आईला नाही म्हणणं अवघड होतं, हेच तर कारण."

"म्हणून तिला तिथेच ठेवलंत?"

"ठेवलं काय, काही तरीच बोलतोस. मुद्दाम नाही केलं रे कोणी."

"मुद्दाम नाही, पण चार वर्षं."

"तीच म्हणायची, मी करते. दरवेळी. आम्ही काय तिचा हात धरला होता?"

"काकू, तुम्ही कोणी तिला विचारलं होतंत का, की तुला उभं राहायचंय का?"

तिकडून नातीचं कार्टून ऐकू येत होतं. मग काकू म्हणाल्या, "नाही विचारलं. बास? अध्यक्ष झाल्यावर मला कंपनीत प्रमोशन मिळालं, तेव्हा पहिला फोन तिला केला होता मी. तेव्हासुद्धा विचारलं नाही." आणि कार्टूनचा आवाज कमी करायला लावून, "पाचव्या वर्षी तिने आमचं ऐकलं नाही. कमिटी घेणार नाही म्हणाली. तू सगळी मिनिट्स वाचतो आहेस ना? मग वाच पुढे."

मी वाचलं. ते सांगतो, पण आधी सोमवारचं सांगतो, कारण सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी तरी तावातावाने बोललो आणि मला ते तुला सांगायचंच होतं. मी गोदामाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून अध्यक्षबाईंना फोन केला. बोलायचं ते लिहून ठेवलं होतं. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत लिहितोय. म्हणालो, तुम्हाला नाव द्यायचं असेल तर द्या, पण बिहाइंड द सीन्स हे शब्द मला चालणार नाहीत. ती मागे नव्हती, तिला मागे ठेवलं.

"सॉरी, ठेवलं म्हणजे?"

मी चारही सप्टेंबरच्या ओळी वाचून दाखवल्या. नियमही वाचला.

"ओळीने चार वर्षं?"

"ओळीने. आणि दर वेळी एकमताने."

त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "माझ्या आधीच्या अध्यक्षांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नॉमिनेशनला एक भरवशाची बाई धर आणि सोडू नकोस, म्हणजे वर्ष सुखात जाईल."

"या वर्षी कोण आहे?"

"आहे एक. फार चांगलं करते." मग हळूच म्हणाल्या, "तिचं हे तिसरं वर्ष आहे."

मी म्हणालो, मग आधी तिला विचारा, उभं राहायचंय का. पुरस्कार नंतर. आणि तुमच्या नियमात एक ओळ घाला, एकाच बाईला लागोपाठ दोन वर्षं ते काम देऊ नका. माझा आवाज चढला होता. शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता. बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, हे मी बोर्डापुढे ठेवते, नुसता पुरस्कार नाही, नियमही. पण तोंडी सांगून होणार नाही, जुने लोक म्हणतील की तुझ्या आईला स्वतःलाच उभं राहायचं नव्हतं. तिला कामच आवडायचं, असंच सगळे म्हणतात. तुझ्याकडची पानं स्कॅन करून पाठव, बुधवारपर्यंत.

आज बुधवार आहे. दुपारी बाबांच्या स्कॅनरवर मी पानं काढली, सरळ, एकही कोपरा कापला न जाता. चारही सप्टेंबर, चारही मे, नियमाचं पान. पाठवली. त्यांचं उत्तरही आलं, थँक यू, हे पुरेसं होईल असं वाटतं.

आता पुढचं पान. पाचव्या वर्षीचा एप्रिल. अध्यक्षपदासाठी उमेदवार, आणि खाली तुझं नाव, पूर्ण, बरोबर लिहिलेलं. आणि त्याच ओळीत पुढे, उमेदवाराने कौटुंबिक कारणास्तव माघार घेतली. मी तारीख पाहिली आणि आणखी काही पाहायची गरज राहिली नाही. त्याच आठवड्यात मी कॉलेजातून फोन केला होता की फेब्रुवारीपासून मी वर्गात गेलेलो नाही आणि खोलीबाहेर पडायची भीती वाटते. तू तीन तास ड्राइव्ह करून आलीस. माझ्या खोलीतला पसारा पाहिलास आणि काही न विचारता म्हणालीस, आधी काही तरी खाऊन घेऊ. त्या वसंतात तू रोज पाच वाजता घरी असायचीस, मंगळवारी मला डॉक्टरकडे न्यायचीस आणि बाहेर गाडीत बसायचीस. बुधवारच्या मीटिंगांचं काय झालं, हे मी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, संपलं असेल तुझं ते काम. पुढच्या वर्षी तुझं आजारपण आलं आणि मग विचारायला कोणी राहिलं नाही.

तुला उभं राहायचं होतं, याचा तेवढा एकच कागद आहे. सगळ्या खोक्यात तुझं नाव उमेदवार म्हणून त्या एकाच पानावर छापलेलं आहे. जुने लोक म्हणतील तिची इच्छाच नव्हती, त्याला तेच एक उत्तर होतं. मी ते पान स्कॅनरच्या काचेवर ठेवलं होतं. मग उचललं. बोर्डाने कौटुंबिक कारण म्हणजे काय असं विचारलं असतं आणि मला सांगावं लागलं असतं. इतके दिवस मी सगळ्यांना दोष दिला, काकूंना, टाळ्या वाजवणाऱ्यांना, आणि त्यात खोटं काही नाही. पण ते पान मी पाठवलेलं नाही. इथे टेबलावर आहे. मीटिंग उद्या संध्याकाळी सहाला आहे.