शेजारणीची वही

४ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तुझे गुडघे आणि तुझी जीभ दोन्ही चालती असोत. एक थांबलं की दुसऱ्यावर ताण येतो.

इकडे मी पुन्हा नोकरीला लागलोय म्हण ना. रेडिओ-टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध आमच्या वस्तीत नागरिकांची समिती झाली आहे. अध्यक्ष आमचे निवृत्त पोस्टमास्तर. टीव्ही त्यांनी स्वतःकडे ठेवला. सगळ्यांत जास्त त्रास तिथेच आहे म्हणतात, आणि तो त्रास रोज न चुकता सोसतात. माझ्या वाट्याला रेडिओ आला. दुपारी तीन ते साडेतीन, ‘शेजारीण’ नावाचा कार्यक्रम. बोलणारी बाई नाव सांगत नाही, स्वतःला शेजारीणच म्हणवते. बायकांची पत्रं वाचते आणि नवरा-बायकोच्या खोलीतल्या गोष्टी भाजी निवडत बसल्यासारखी सहज बोलते. समोरच्या घरातल्या शाळकरी मुली खिडकीशी बसून ऐकतात. मला हे मनापासून पटत नाही. ज्या वयात आम्ही कविता पाठ केल्या, त्या वयात यांनी हे पाठ करावं?

कार्यक्रम बंद करा असा अर्ज रेडिओ केंद्राला द्यायचा आहे, म्हणून मी वहीत तारीख, वेळ आणि वाक्य जसंच्या तसं उतरवतो. पोस्टमास्तरांचं म्हणणं, बाईच्या शब्दांपेक्षा तिचं मध्येच थांबणं जास्त वाईट. म्हणून ती थांबते तिथे मी दोन उभ्या रेघा ओढतो.

एक चमत्कारिक गोष्ट लिहू का? कधीकधी ती थांबायच्या आधीच माझ्या रेघा ओढून झालेल्या असतात.

पत्राला उशीर करू नकोस, एवढा लोभ माझ्यावर असू दे.

तुझा दादा

११ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. गुडघे रडतात, जीभ ठणठणीत.

तुझ्या समितीचं वाचून खूप हसले. आयुष्यभर शाळेत मुलांच्या वह्या तपासल्यास, आता परक्या बाईचं बोलणं तपासतोस. आणि रोज अर्धा तास कान लावून ऐकतोस, वर तक्रारही करतोस! वहिनी असती तर म्हणाली असती, एकदा तरी माझं इतकं लक्ष देऊन ऐकलं असतं तर.

पण दादा, हसणं झालं. कार्यक्रम नको वाटत असेल तर रेडिओचं बटण फिरव, समोरच्या मुलींच्या आयांशी बोल. अर्ज मात्र करू नकोस. आणि एकदा वही मिटून, पेन्सिल खाली ठेवून, तो आवाज नुसता ऐक. कुणाचा वाटतो ते मला कळव. मी वाट बघते.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तू सांगितलंस तसं वही मिटून ऐकलं. चहा समोर तसाच निवला.

तुला आठवतं, मी वर्गात मुलांना सांगायचो, कवितेच्या शेवटच्या ओळीआधी थांबा. मनात पेन्सिलीच्या दोन टिचक्या मोजा, श्वास घ्या, मग बोला. ही बाई नेमकी तेवढीच थांबते. ना कमी, ना जास्त. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो, अगदी माझ्या खुर्चीमागून यावा तसा. मी दोनदा वळून पाहिलं.

असेल माझी जुनी विद्यार्थिनी. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं, पण पंधरा वर्षांपूर्वी जी या घरातून गेली तिचा विषय मी काढत नाही. शिवाय तिचा आवाज केवढा पातळ, उगाच का आपण तिला पिपाणी म्हणायचो? हा आवाज घोगरा आहे.

अर्ज तुझं पत्र यायच्या आधीच गेला. दोनशे चौदा सह्या, पहिली माझी. सोबत वहीची सुवाच्य नक्कल. नुसता कार्यक्रम बंद करून भागणार नाही, पुन्हा कधी लागू नये म्हणून टेपाही पुसाव्यात, हे वाक्य मीच घातलं. ज्या वाक्यावर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले ते असं: ‘कुणाची वाट बघत असाल, तर दाराची कडी काढून ठेवा. ॥ हाक मारायला त्याला लाज वाटत असेल.’

तूच सांग, हे दुपारी तीन वाजता बोलायचं?

लोभ आहेच, मत जुळो न जुळो.

तुझा दादा

२४ जून

दादा,

आज मायना लिहायला हात धजत नाही. नमस्कार तेवढा घे.

ती पिपाणीच. घशाच्या दुखण्याने आवाज घोगरा झाला होता. गेल्या हिवाळ्यात ती गेली, दादा. मी उशाशी होते. तू ऐकतोस त्या जुन्या टेपा आहेत. ऐकणाऱ्या बायकांनी मागणी केली म्हणून पुन्हा लावतात.

नाटकात काम करते म्हणाली, तेव्हा तू दारात उभा राहून म्हणाला होतास, “तुझा आवाज या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये.” मी मागे स्वयंपाकघरात होते. तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, बाबांनी विचारलं तर सगळं सांग, नाही विचारलं तर काहीच नको. पंधरा वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रात मी तो एक प्रश्न शोधला. तू हवापाणी विचारलंस, गुडघे विचारलेस.

आज वचन मोडते, कारण त्या टेपांखेरीज तिचं काही उरलेलं नाही. कपडेसुद्धा तिने वाटून टाकायला लावले. हे पत्र खाली ठेव आणि नीघ. अर्ज परत घे.

धाकटी

९ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तुझं पत्र मिळालं तसाच निघालो. पायांतल्या चपला दोन वेगळ्या जोडांतल्या होत्या हे तिथे पोचल्यावर कळलं.

रेडिओ केंद्रात लांबलचक बोळ आहे. पायाखाली जाड जाजम, आपलं पाऊल आपल्यालाच ऐकू येत नाही. टेपा सांभाळणारे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला फडताळापाशी नेलं. डबे तेच होते, त्यांवर चिठ्ठ्या नव्या. परवाच टेपा पुसून त्यांवर हवामानाचे अंदाज भरले होते. ते म्हणाले, “काका, तुमचा अर्ज इतक्या सुंदर अक्षरात होता, साहेबांनी लगेच सही केली.”

ती कोण होती हे मी त्यांना सांगितलं नाही. तेवढं शौर्य माझ्यात नाही.

पोस्टमास्तर अभिनंदनाला आले होते. पुढच्या अर्जासाठी नमुना म्हणून वही मागत होते. हरवली म्हणालो. पोस्टात आयुष्य काढलेला माणूस, हरवलेल्या वस्तूवर चटकन विश्वास ठेवतो.

वही माझ्याजवळ आहे. एकसष्ट वाक्यं, जशीच्या तशी, तारखेसकट. तिचा एवढा अभ्यास मी ती घरात होती तेव्हा कधी केला नाही. रोज तीन वाजता उघडतो आणि मोठ्याने वाचतो. शब्द माझ्याच आवाजात येतात, म्हाताऱ्या, मास्तरी. पण दोन रेघांपाशी आलो की थांबतो, मनात दोन टिचक्या मोजतो, आणि तिथे जो श्वास घेतला जातो तो माझा नसतो. आता मी वळून पाहत नाही.

तू ये. पिपाणीचा आवाज तुझ्यावर गेला होता, सगळे म्हणायचे. एकदा तू वाच, मी ऐकतो. आणि वाचून झालं की तिचं सगळं सांग, पहिल्या दिवसापासून. मी विचारतो आहे.

लोभ असेल तर तीनच्या आत पोच. हाक मारू नकोस, दार नुसतं ढकल. कडी काढलेली आहे.

दादा